दुपट्टा ठेवलेली खुर्ची

माझा स्वभाव संशयी आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही. दूधवाल्यासमोर मी दुधात बोट बुडवून पाहते, भाजीवाल्याच्या काट्याखाली वाकून बघते, आणि कोणी फारच गोड बोलायला लागलं की याला नेमकं काय हवंय, हे आधी शोधते. माझा नवरा ताराचंद अगदी उलट. कोणी त्याच्या खिशातून पाकीट काढलं, तर ‘गरज असंन बिचाऱ्याले’ म्हणणारा. लिहिताना मी त्याचं नाव घेते आहे, तेही एकेरी. समोर मात्र ‘अवो’च म्हणायची, तेव्हा कोणी नाक मुरडू नये. माझी तपासणी सुरू झाली की तो हसायचा. “तुले सीआयडीतच घ्याले पाह्यजे होतं वं,” म्हणायचा.

गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालची. आम्ही दोघं एकाच सूतगिरणीत नोकरीला होतो. गिरणी कळमेश्वरला, एमआयडीसीत. हेड ऑफिस इकडे नागपुरात, महाल भागात, केळीबाग रोडवर, एका सराफाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. मी हेड ऑफिसात कॉम्प्युटरवर व्यापाऱ्यांच्या ऑर्डरी टाइप करायची. त्या तिकडे ताराचंदच्या पडद्यावर उमटायच्या. तो त्याप्रमाणे सुताच्या गाठी लावायचा आणि दुपारी डबा उघडायच्या आधी सगळ्या ऑर्डरींचं मिळून एकच उत्तर पाठवायचा, इंग्रजी अक्षरांत: ‘पोचलं’. सकाळी एका तव्यावरच्या पोळ्या बांधून घेऊन दोन दिशांना गेलेली माणसं आम्ही. दुपारी तो शब्द पडद्यावर आला की मला बरं वाटायचं. आता जेवायला बसला असेल, एवढं कळायचं.

दोन्ही ठिकाणांच्या मध्ये भाड्याने घेतलेली लाइन होती. ती एकच. तिच्यावरूनच फोन जायचा आणि तिच्यावरूनच कॉम्प्युटरचा मजकूर. म्हणून दोन्ही टोकांना एकेक पेटी बसवली होती, लाइनची वाटणी करणारी. इतकी जागा फोनसाठी राखीव, उरलेली कॉम्प्युटरला. फोनला जास्त लागली तर पेट्या आपसात बोलून वाटणी बदलायच्या. आमची पेटी बंगलोरच्या कंपनीची आणि कळमेश्वरची पुण्याच्या. दोन्ही एकाच नियमाने चालतात, काही अडचण येणार नाही, असं विकणाऱ्यांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. छाती ठोकणाऱ्या माणसावर माझा विश्वास नसतो, पण मला विचारतंय कोण!

आमचे मॅनेजर मनोहरराव रोज अकराच्या सुमारास केबिनमध्ये बसून गिरणीतल्या सगळ्या खात्यांना एकदम फोनवर घ्यायचे. ह्याला ते राउंड म्हणायचे. एरवी फोनला थोडी जागा पुरायची, राउंडला जास्त लागायची. राउंडची सुरुवात ठरलेली. केबिनमधून आरोळी यायची, “हॅलो! हॅलो! अरे, झोपले का गा सगळे?” मग पलीकडून कोणीतरी ओ द्यायचं आणि झाडाझडती सुरू व्हायची.

त्या उन्हाळ्यात ऑर्डरी हरवायला लागल्या.

पहिली मालेगावच्या व्यापाऱ्याची. माल पोचला नाही म्हणून तो फोनवर मला वाट्टेल ते बोलला. मी ऑर्डर पाठवली होती. पडद्यावर ‘गेलं’ असं आलेलं मी स्वतः पाहिलं होतं. ताराचंद म्हणाला, आलीच नाही. मग बुऱ्हाणपूरची हरवली. मग पुन्हा मालेगावची. नागपूरच्या विणकरांच्या ऑर्डरी मात्र एकूणएक पोचायच्या. त्या साली सुताची टंचाई होती. बाहेरगावची ऑर्डर गळाली की तेवढं सूत उरायचं आणि ते तांडापेठच्या विणकर सोसायटीच्या वाट्याला जायचं. सोसायटीचा सेक्रेटरी ताराचंदचा सख्खा काका. आम्ही राहायचो तेही तांडापेठेत. आता तुम्हीच सांगा, कोणालाही काय वाटेल?

मलाही वाटलं. जेवताना मी विचारलंच. “अवो, खरं सांगा. मालेगावची ऑर्डर आली होती ना?”

त्याने घास खाली ठेवला. “नाई आली.”

“मंग मी खोटं बोलून राहिली का?”

“तू काहून खोटं बोलशीन? तू बी खरी, म्या बी खरा.”

“दोघं कसे खरे असतीन? मी पाठवली म्हन्ते, तुम्ही आली नाई म्हन्ता. एक तं खोटं असंनच ना!”

“असतीन वं दोघं बी,” तो म्हणाला आणि पुन्हा जेवायला लागला. मला असा राग आला की मी त्याला भात वाढलाच नाही. त्यानेच भांडं ओढून घेतलं. त्या रात्री मी त्याच्या पाठीकडे बघत पडून राहिले. काका पहाटे येऊन गेला होता का, सुपारी फोडत दोघं कशाबद्दल कुजबुजत होते, असलं काहीबाही आठवत राहिले. आपल्याच माणसावर पाळत ठेवण्याइतकं वाईट काही नाही, पण एकदा संशय शिरला की तो हटत नाही.

मनोहररावांना संशय आधीच आला होता. ऑफिसात आम्हाला ऐकू जाईल अशा बेताने ते म्हणायचे, “नवरा तिकडे, बायको इकडे, मधात आपली वायर. बढिया काम आहे!”

एका सकाळी राउंडमध्येच त्यांनी तोंड उघडलं. “हॅलो, हॅलो” झालं, आणि मग गिरणीतली सगळी खाती ऐकत असताना ते म्हणाले, “ताराचंद, मालेगावचं सूत कोनाच्या घशात गेलं? तुमच्या काकाच्या?”

मी केबिनच्या दाराशी फाइल घेऊन उभी होते. पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. मनोहररावांचा चेहरा मात्र दिसत होता. “काय? कुठं चालले? अरे, थांबा ना!” मग रिसीव्हर कानावरून काढून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “गेला उठून,” म्हणाले. लगेच दुसरा फोन ओढून नंबर फिरवला. “हो. आजच पाठवा,” एवढंच बोलून ठेवून दिला. कुठला तरी ट्रक असेल, असं मला वाटलं. माझं लक्ष नवऱ्यापाशी होतं. शंकेखोर माणसाचं लक्ष नको तिथे असतं आणि हवं तिथे नसतं, हे मला फार उशिरा कळलं.

घरी आले तर ताराचंद बाजेवर शांत बसलेला. खांद्यावर दुपट्टा नव्हता.

“दुपट्टा कुठं आहे?”

“खुर्चीवर ठेवून आलो.”

मी कपाळाला हात लावला. इथे सोसायटीची रीत सांगायला हवी. तिथे एखाद्या पदावरच्या माणसावर कोणी बोट दाखवलं, तर त्याने तोंडातून शब्द काढायचा नाही. खांद्यावरचा दुपट्टा आपल्या खुर्चीवर पसरायचा आणि घरी निघून जायचं. दुपट्टा आहे तोवर त्या खुर्चीवर कोणी बसत नाही, कितीही काम अडलं तरी. पंच चौकशी करतात. माणूस खरा निघाला की घरी येऊन त्याला हार घालतात आणि वाजत गाजत नेऊन त्याच दुपट्ट्यावर बसवतात. ताराचंदच्या वडिलांना तसं नेलं होतं. तो तेव्हा लहान होता, पण ती मिरवणूक तो अजून रंगवून सांगायचा.

“अवो, ते सोसायटीतलं झालं,” मी ओरडले. “हे हापीस आहे! इथं कोनाले समजते तुमचा दुपट्टा? उठून येनं म्हंजे सोडून देनं होते!”

“म्या कुठं सोडलं? दुपट्टा हाय ना तिथी.”

“अन् कोनी बसलं तं?”

“दुपट्ट्यावर कोन बसन वं?” तो हसून म्हणाला. “मानसं तं सारखीच असतात.”

रोज संध्याकाळी तो धुतलेला शर्ट घालून दाराशी खुर्ची टाकायचा. ऑफिसातून कोणी यायचं झालं तर चहाला साखर आहे ना, असं मला विचारायचा. मी मनोहररावांना विचारलं, तिकडे सध्या कोण बघतंय. “सोय केली आहे,” ते म्हणाले. कोणीतरी स्टूल ओढून काम भागवत असेल, असं मी धरलं. कळमेश्वरहून दुपारी ‘पोचलं’ यायचंच, पण तो शब्द बघून मला जेवणाची आठवण येईनाशी झाली.

आणि बुऱ्हाणपूरची ऑर्डर पुन्हा हरवली!

खरं सांगते, मी आनंदाने टेबलावर हात आपटला. ताराचंद घरी बसलेला आणि ऑर्डर हरवली, म्हणजे तो सुटला. मी धावत केबिनमध्ये गेले. मनोहररावांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, “म्हंजे तिकडचा मानूस नव्हता. मंग उरलं कोन, बाई? इकडचं मानूस.”

माझ्या अंगाची लाही लाही झाली. आता मी कोणालाच सोडणार नव्हते. चहावाला माझ्या टेबलाशी का रेंगाळतो, टायपिस्ट बाई मी उठले की लगेच का उठते, सगळं तपासलं. मग एका प्रश्नाशी अडले. मालेगाव आणि बुऱ्हाणपूरच का? हे व्यापारी सकाळी ट्रंक कॉल लावायचे आणि तो मिळता मिळता अकरा वाजत यायचे. मी ऑर्डर ऐकली की लगेच टाइप करायची. तांडापेठवाले मात्र दुपारी जेवून, पान खाऊन जिना चढून यायचे. म्हणजे हरवायचं ते अकराच्या आसपास. आणि अकराला आमच्या ऑफिसात एकच माणूस काहीतरी करायचा. केबिनमधला.

चोर सापडला, असं मला वाटलं. मनोहररावच केबिनमध्ये बसून काहीतरी बटण दाबतात, बाहेरगावच्या ऑर्डरी गिळतात आणि आमच्या माथी मारतात. पुरावा हवा होता. दुसऱ्या दिवशी मी एक खोटी ऑर्डर, वेगवेगळे नंबर घालून, तीनदा पाठवायची ठरवली. एक त्यांनी फोन उचलायच्या आधी, दुसरी त्यांचं “हॅलो! हॅलो!” चालू असताना आणि तिसरी राउंड नीट सुरू झाल्यावर. मग कळमेश्वरला लिहून विचारलं, काय काय पोचलं? उत्तर आलं: पहिली, तिसरी. मधली नाही.

पुढच्या दिवशी तेच. त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा तेच.

मी केबिनचं दार उघडलं. “साहेब, तुमच्या हॅलोत ऑर्डर मरते.”

त्यांनी मला वेड्यात काढलं. मी म्हटलं, फोन ठेवा, पुन्हा लावा, दार उघडं राहू द्या, मी तुमच्यासमोर टाइप करते. त्यांच्या हातात बटण नव्हतं हे मला तेव्हा दिसलं. फोन लागला, “हॅलो” म्हणाले, पलीकडे क्षणभर काहीच नाही, म्हणून पुन्हा मोठ्याने “हॅलो” म्हणाले. तेवढ्यात मी पाठवलेली ऑर्डर गेली ती गेलीच. दोनदा करून पाहिल्यावर त्यांनी रुमालाने मान पुसली. माझा चोर निसटला, पण मला त्याचं वाईट वाटलं नाही.

दोन्ही कंपन्यांचे इंजिनिअर आले. दोघेही गळ्यात टाय, हातात नियमांचं एकच जाडजूड पुस्तक. “हमारा तो रूल के हिसाब से है, मॅडम,” बंगलोरवाला म्हणाला. “हमारा भी,” पुणेवाला म्हणाला. आणि गंमत अशी, की दोघेही खरं बोलत होते. फोनची राखीव जागा बदलायची असेल तर दोन्ही पेट्यांनी कबूल व्हावं, असा नियम होता. जुनी वाटणी आधी सोडायची की नवी आधी पक्की करायची, हे मात्र त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं. बंगलोरची पेटी नवी वाटणी हातात पडल्याशिवाय जुनी सोडायची नाही. पुण्याची पेटी नवी मागणी कानावर पडताच जुनी सोडून मोकळी व्हायची. एसटीत काही माणसं पुढची जागा धरल्याशिवाय बूड हलवत नाहीत आणि काही भोळी माणसं आधीच उठून उभी राहतात, तसं. मधल्या त्या क्षणात इकडची पेटी जुन्या वाटेने माझी ऑर्डर पाठवायची आणि तिकडे त्या वाटेवर कोणी नसायचं. इकडे ‘गेलं’, तिकडे काहीच नाही.

पुणेवाल्याने कळमेश्वरला जाऊन आपल्या पेटीची खोड मोडली. नवी वाटणी पक्की झाल्याशिवाय जुनी सोडायची नाही, असं तिला शिकवलं. दुसऱ्या दिवशी मनोहररावांनी फोन उचलला आणि पहिल्याच हॅलोला पलीकडून ओ आली. माझी ऑर्डरही पोचली.

“तुमच्या मिस्टरांना सांगा,” मनोहरराव मला म्हणाले, “आमच्या मनात आता काही नाही.”

मला रडू आलं. सगळ्यांसमोर आलं. मी लवकर सुट्टी घेतली आणि महालातून चालत जाताना फुलवाल्याकडून शेवंतीचा मोठा हार घेतला. ऑफिसवाले तांडापेठेत वाजत गाजत येणार नव्हते, एवढं मला कळत होतं. मग हार आपणच न्यावा, असं मी ठरवलं.

ताराचंदने सगळं ऐकलं आणि हसला. “म्या म्हनलं नव्हतं? दोघं बी खरे असतीन म्हून?”

“म्हनलं होतं,” मी म्हटलं. “आता जास्त बोलू नका.” त्याला भात मी दोनदा वाढला.

सकाळी आम्ही एसटीने कळमेश्वरला गेलो. हार ओल्या फडक्यात बांधून मी मांडीवर धरला होता. फाटकावरच्या चौकीदाराने ताराचंदला रामराम केला, पण डोळ्याला डोळा दिला नाही. माझ्या ते लगेच लक्षात आलं. ताराचंदच्या आलं नाही. तो पुढे झपाझप चालत होता.

खोलीत त्याच्या खुर्चीवर एक माणूस बसला होता. पस्तिशीचा, नीटनेटका. आम्हाला पाहून तो पटकन उठला. “या ना भाऊ, या. बसा,” म्हणाला आणि बाजूचं स्टूल पुढे केलं. मग कपाटातून एक पुडकं काढून दोन्ही हातांनी ताराचंदला दिलं. “हा तुमचा दुपट्टा राहून गेला होता खुर्चीवर. लय धूळ बसली होती, म्हून घरून धुऊन आनला.”

घडी अगदी छान घातली होती. मला त्या माणसाचा राग यायला हवा होता, पण आला नाही.

ताराचंदने दुपट्टा घेतला. “तुम्ही कधीपासून आहा इथी?” त्याने विचारलं.

“त्याच दिवशी दुपारपासून. तुम्ही उठून गेले, अन् मले गाडी आली घ्याले.” तो साधेपणाने सांगत होता. “तयारीतच होतो म्हना. साहेबांनी पंधरा दिवस आधीच सांगून ठेवलं होतं, बोलावलं की या म्हून.”

पंधरा दिवस आधी. म्हणजे राउंडमध्ये तोंड उघडायच्या आधीच माणूस हाताशी धरून ठेवला होता. मनोहररावांनी नवा धरल्याशिवाय जुना सोडला नव्हता. सोडलं होतं ते माझ्या नवऱ्याने.

तेवढ्यात पडद्यावर मजकूर उमटला. महालातून टायपिस्ट बाईने माझ्या जागी बसून ऑर्डर पाठवली होती. ताराचंदचा हात सवयीने पुढे गेला, आणि थांबला. त्या माणसाने खुर्चीवर बसून ऑर्डर नोंदवून घेतली.

परतीच्या गाडीत आम्हाला शेजारी जागा मिळाली. हार माझ्या मांडीवर तसाच होता. काटोल नाका येईपर्यंत ताराचंद खिडकीबाहेर बघत होता. मग माझ्याकडे न वळता त्याने विचारलं, “तुले मालूम होतं का वं?”

“काय?”

“तो मानूस. तू तं तिथीच असते, साहेबाच्या दारापाशी.”

‘हो. आजच पाठवा.’ मनोहररावांचा आवाज माझ्या कानात जसाच्या तसा आला. तो ट्रक नव्हता, हे मला त्या खोलीतच कळलं होतं. मी ऐकलं होतं, पण मला माहीत नव्हतं. हे दोन्ही खरं होतं आणि दोन्ही एकदम सांगता येणार नव्हतं.

“नाई,” मी म्हटलं.

पण म्हणायला मला एक क्षण उशीर झाला. ताराचंदने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. दूधवाल्याकडे मी जशी बघते तसंच. आयुष्यात पहिल्यांदा त्याने कोणावर तरी संशय घेतला होता. मग तो पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागला आणि दुपट्टा त्याने खांद्यावर न टाकता हातातच धरून ठेवला.